डावीकडची सीट

लाल रंग मला कधीच आवडला नाही, हे आधी सांगून टाकते. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात रंग निवडायला बसलं की पर्स आडवी येते. मला दोन दारांची, दोनच माणसांची, कापडी टप मागे ढकलता येईल अशी गाडी हवी होती, आणि माझ्या पैशांत बसणारी तशी गाडी आमच्या आसपास एकच निघाली. ती लाल होती आणि तिच्या मीटरने दीड लाख किलोमीटर केव्हाच मागे टाकले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच बोल नको. दोष गाडीचा नव्हताच.

मी कुंभकोणमात मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी गाव मला टीचरच म्हणतं. ज्यांचे कान पिळले त्या मुली आता सासवा-आज्या झाल्यात, तरी मी दिसले की पदर सारखा करतात. लग्न केलं नाही. करायचं नव्हतं असं नाही हो. पण आमची तंजावरकडची मराठी घरं मूठभर, त्यात गोत्र जमलं तर पत्रिका नाही, पत्रिका जमली तर मुलगा आधीच कोणाला तरी दिलेला. बाहेरचा चालणार नाही, असं वडील म्हणाले. आणि वडील गेले तोवर माझ्या केसांत पांढरं जास्त आणि काळं कमी झालं होतं. तेव्हापासून मी धाकट्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. भावाचं पितळी समयांचं दुकान आहे आणि वहिनी स्वभावाने चांगली आहे, फक्त बोलते फार.

गाडीचं वेड जुनं. कॉलेजात असताना मद्रासला गेले होते. समुद्राकडच्या रस्त्यावर एक बाई उघड्या गाडीतून एकटी गेली. कुठे चालली होती, कोणाची कोण, काही ठाऊक नाही. केस उडत होते आणि तिला ते सावरायची गरज वाटत नव्हती. एवढंच. पुढे सगळी नोकरी मी स्कूटरवर केली, पण ती बाई काही डोक्यातून गेली नाही.

घरी सांगितलं तेव्हा वहिनी पोळी लाटायची थांबली.

"अक्का, तेवढ्या पैशात काशी होईल."

"काशीला जाऊन काय करू? तिथेही रिक्षानेच फिरायचं ना?"

"लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते मला पाठ होतं. म्हातारपणी चळ लागला म्हणतील. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. शोरूमच्या फोटोंकडे मी मोबाइलवर चोरून बघायची आणि कोणी आलं की झटकन पंचांग उघडायची. लाज होती, पण हौस तिच्याहून दांडगी होती.

आता आमच्या भाषेबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही घराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी. ही मराठी पुण्याच्या माणसांना ऐकवत नाही. एकदा पुण्याहून पाहुण्या आल्या होत्या, त्या म्हणाल्या, तुम्ही बखरीतल्यासारखं बोलता, आणि हसल्या. मला राग आला. मग मी पुस्तकं मागवली आणि ही आत्ता लिहितेय ती मराठी शिकले. पण घरातली ती घरातलीच राहिली. आणि ती बाहेर काढायची एकच वेळ असायची, खरेदीची. आईने आम्हां भावंडांना धडाच दिला होता: दुकानात बसायचं, चेहरा हसरा ठेवायचा, तमिळमध्ये "फार सुंदर आहे" म्हणायचं आणि त्याच सुरात मराठीत म्हणायचं, "भुक्कड आहे, उठा आता." साड्यांच्या दुकानात, सोनाराकडे, भांड्यांच्या बाजारात आमच्या सात पिढ्यांनी असाच भाव केला असेल. समोरच्याला कळत नाही, या खात्रीवर आमची जीभ सैल सुटायची ती सुटायचीच. मंगळवारच्या बाजारात आई भाजीवाल्याच्या नाकाबद्दल जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर दलालाने पत्ता दिला. तिरुप्पनंदाळच्या पलीकडे, शांत गल्लीत, पुढे ओटा असलेलं कौलारू घर. बाजूला पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी, आणि शेडला लागून घराची एक गजांची खिडकी. खिडकीला आतून पडदा होता. मालक सत्तरीचे गृहस्थ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी. साखर कारखान्यात इंजिनिअर होते म्हणे. तमिळ अस्सल इथली. आम्ही त्यांना 'सार' म्हटलं, त्यांनी मला 'टीचर' म्हटलं, आणि कामाला लागलो.

"आजवर गाडी कोण चालवायचं?" मी तमिळमध्ये विचारलं.

"मीच."

मी हसरा चेहरा ठेवून भावाला मराठीत म्हटलं, "या वयात? लाज नाही वाटली म्हाताऱ्याला?"

"तुला वाटते का?" भाऊ म्हणाला.

"तू गप बैस."

भावाने रात्ररात्र व्हिडिओ बघून जुनी गाडी तपासायची विद्या कमावली होती. त्याने ऑइलची कांडी ओढून वास घेतला, टायरवर नखं घासली, चारी कोपरे दाबून गाडीला हेलकावे दिले, आणि शेवटी पँटची पर्वा न करता खाली आडवा झाला. उठला तेव्हा चेहरा असा गंभीर की डॉक्टरने बघून शिकावं. क्लच जड आहे, म्हणाला. पुढून खडखड येते, म्हणाला. पण इंजिन जपलंय. मालक नुसते मान हलवत होते. एकदाही त्यांनी विचारलं नाही, तुम्ही आपसांत काय बोलताय? दुसरा कोणीही असता तर विचारलं असतं. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

मग मी डावीकडचं दार उघडलं. चालवणाऱ्याची सीट ठीक होती, जरा घासलेली. पण डावीकडच्या सीटमध्ये खड्डा पडला होता. खोल, रुंद, मधोमध. फोम पार दबून गेला होता आणि कडेची शिवण ताणून पांढरी पडली होती.

"अरे, इकडे बघ," मी भावाला हाक मारली. "इथे बायको बसवत होते की म्हैस बांधत होते?"

भाऊ खो खो हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मालक शेडच्या खांबाला हात लावून उभे होते, आणि मी त्यांच्याकडे बघून तमिळमध्ये म्हणाले, "सीट आरामशीर दिसतेय, सार." मग वाकून पुन्हा त्या खड्ड्याकडे पाहिलं आणि भावाला आणखी एक वाक्य हळूच बोलले. ते ऐकून त्याचं हसू थांबलं. ते वाक्य काय होतं ते शेवटी सांगते. आत्ता धीर होत नाही.

चालवून बघताना मालक माझ्या डावीकडे बसले. खड्ड्यात नाही बसले. सीटच्या कडेवर, एका मांडीवर, दाराला टेकून, अंग चोरून बसले. मला वाटलं, माझ्या चालवण्याची भीती वाटतेय. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आला आणि गाडीचं पोट खर्रकन घासलं.

"तिरका घ्या, टीचर," ते म्हणाले. "आधी एक चाक, मग दुसरं. सरळ घेतला तर घासणारच."

परत आल्यावर मी विचारलं, का विकता? ते म्हणाले, "गाडी फार खाली आहे. घरच्यांना आता चढता-उतरता येत नाही."

"येईल कसं?" मी भावाला म्हटलं. "क्रेन लागत असेल."

हेही बोलले. हसऱ्या चेहऱ्याने बोलले.

किंमत त्यांनी सांगितली ती माझ्या आवाक्याबाहेर होती. मी मराठीत भावाला माझा शेवटचा आकडा सांगितला. म्हटलं, याच्यावर एक पैसा नाही, दुखण्याखुपण्याला काही मागे राहायला हवं, माझ्या मागे कोण आहे करायला? आता उठण्याचं सोंग कर. आम्ही उठलो. ते म्हणाले, कॉफी येतेय, घेऊन जा. कामाच्या बाईने कॉफी आणली. ती पिऊन झाल्यावर कॉफीचा डबरा-पेला खाली ठेवून त्यांनी दुसरा आकडा सांगितला. तो माझाच होता. जसाच्या तसा.

मी भावाकडे बघून डोळे मिचकावले. आईची विद्या फळली असं वाटलं मला. गणिताची बाई, आणि दोन आकडे इतके तंतोतंत जुळले तर का जुळले, एवढा साधा प्रश्न पडला नाही.

गाडी घरी आणताना माझी जी शोभा झाली ती झाली. टप उघडून निघाले होते, तर चोळपुरमच्या पुढे बसमधले लोक खिडक्यांतून वाकून बघायला लागले. टप लावावा तर तो अर्ध्यात अडकला. गावात शिरले तर बाजाराच्या तोंडाशी माझीच एक जुनी विद्यार्थिनी नातवाचं बोट धरून उभी. तिने पदर सारखा केला आणि ओरडली, "टीचर, शूटिंग आहे का?" धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण खरं सांगू? दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकताना त्या इंजिनाने जो आवाज केला, त्यासाठी मी आणखी दहा जणींना तोंड दिलं असतं.

वाहन घेतलं की पूजा आलीच. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायगरापुढे, म्हणजे गणपतीपुढे, गाडी उभी केली, चाकांखाली लिंबं ठेवली. पहिल्या फेरीला शेजारी सवाष्ण हवी, असं गुरुजी म्हणाले. मी कुठली सवाष्ण! वहिनी बसली. बसली म्हणजे खड्ड्यात गडप झाली, नुसता अंबाडा दिसत होता.

"अगंबाई! इथे कोण बसत होतं हो, अक्का?"

आणि मी म्हैस सांगितली, क्रेन सांगितली. वहिनी हसून हसून रडली. घरी गेल्यावर तिने फोनवर तिच्या बहिणीला सांगितलं. पुढच्या आठवड्यात जेवायला आलेल्या चुलत्यांना मी स्वतः पुन्हा सांगितलं, हातवारे करून. असा माझा तो विनोद आमच्या मूठभर घरांमधून फिरून आला, आणि मी प्रत्येक वेळी खूश.

मग एके सकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. दुसरी किल्ली सापडलीय, सवडीने या, असं तमिळमध्ये म्हणाले. भाऊ दुकानात होता. मी एकटीच निघाले, टप उघडा टाकून. आता केस सावरायचं मीही सोडलं होतं.

गल्लीत पोहोचले तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. इंजिन बंद केलं. शेडच्या आत नाही, बाहेरच थांबले होते, त्या गजांच्या खिडकीजवळ. पडदा आज बाजूला होता. आतून त्या गृहस्थांचा आवाज आला.

"आणखी एक घास. तोंड उघड की."

मराठीत. आमच्या मराठीत. पुण्याच्या नव्हे, पुस्तकातल्या नव्हे. माझे वडील माझ्या आईला आजारपणात जसं म्हणायचे, तसंच.

मग एका बाईचा आवाज, बारीक, पण ठसठशीत. "गाडी आली."

"कोणाची गाडी?"

"आपली. कान गेलेत काय तुमचे? तीच आली असेल. मला म्हैस म्हणणारी."

"हळू बोल. ऐकू जाईल तिला."

"जाऊ दे की. मला नव्हतं आलं?"

माझे हात स्टिअरिंगवर होते ते तसेच राहिले. देवा रे! प्रत्येक शब्द. म्हैस, क्रेन, म्हातारा, माझी शिल्लक, माझ्या मागे कोण आहे ते रडगाणं. सगळं, शेडच्या पत्र्याखाली, या खिडकीच्या हातभर अंतरावर. मेले, भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर खिडकी होती. पळून जावं म्हटलं तर गाडी सुरू केल्यावर जो गरजतो तो आवाज सगळ्या गल्लीला जाणार. स्कूटर असती तर ढकलत नेली असती मी.

तेवढ्यात ते ओट्यावर आले. हातात किल्ली होती आणि बोटांना भात लागलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं. त्यांना कळलं. आणि तरी ते तमिळमध्येच बोलले, अगदी रोजच्या सुरात.

"या टीचर. ही घ्या किल्ली. घाईत असाल ना?"

मला निसटायला दार उघडून दिलं होतं त्यांनी. किल्ली घ्यायची, 'बरं सार' म्हणायचं आणि निघायचं. काही झालंच नाही असं दोघांनी धरून चालायचं, मरेपर्यंत. त्या दिवशीही त्यांनी हेच केलं होतं. मी हात पुढे केला, किल्ली घेतली. आणि तिथून पाय हलेना. मी वर्गात पोरींना फळ्यापुढे उभं करायची, उत्तर चुकलं की तसंच उभं ठेवायची. आज माझी पाळी होती, आणि हा माणूस मला जा, बैस म्हणत होता.

"मामींना भेटू का?" मी मराठीत विचारलं. आमच्याकडे परक्याच्या बायकोला मामीच म्हणतात.

ते आत वळून म्हणाले, "येतेय गे ती."

"ये की आंत," आतून आवाज आला. "उभी कशास राहिलीस?"

खिडकीला लागूनच खाट होती. खाटेवर जे होतं त्याला बाई म्हणायचं म्हणून म्हणायचं. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. गळ्यातली पोत हाडावर आडवी पडली होती. कंबर मोडली, मग ते अंथरूण, मग एकामागून एक दुखणी, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी दारातच उभी. त्या सीटमधला खड्डा माझ्या डोळ्यांपुढे होता.

"मामी, माझी जीभ झडो," मी म्हटलं.

"झडली तर भाव कशाने करशील?" त्या म्हणाल्या. "बैस. वजन होतंच की माझं. आमच्या आत्याबाई मला म्हैसच म्हणायच्या. त्या गेल्यापासून आपल्या भाषेत मला कोणी शिवी दिली नव्हती. मला आत हसू फुटत होतं, पण हसलं की कंबर कळवळते."

"मग बोलला का नाहीत?" मी त्यांच्या नवऱ्याकडे वळले. चक्क रागावून विचारलं. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जन्माचा दोष. "पहिल्याच शब्दाला सांगायचं होतं, आम्हांला कळतं म्हणून."

"सांगणारच होतो," ते म्हणाले. "तोवर तुमची लाज काढून झाली होती माझी. मग सांगितलं असतं तर तुम्हांस अवघड जाहलं असतं. आणि ही आतून ऐकत होती, माझ्याच्याने मध्ये बोलवेना."

"आणि किंमत?"

"तुमच्यापाशी नव्हतेच ना जास्त. मग कशास ताणायचं?"

मी खाली बघितलं. मासा गळाला लागला म्हणून मी डोळे मिचकावले होते. शी! माझी मलाच शिसारी आली.

मामी बोलत राहिल्या. मूल नाही, बाळ नाही, दोघांना एकच हौस होती. सुट्टी मिळाली की निघायचं. हे चालवायचे, त्या खायच्या. मांडीवर मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा, पायाशी ताकाची बाटली. रामेश्वर किती वेळा, कन्याकुमारी किती वेळा, एकदा तर नुसतं जिलेबी खायला मदुरेला. मीटरवरचे सगळे किलोमीटर त्या खड्ड्यात बसून झाले होते. "रस्ता मी सांगायची," त्या म्हणाल्या. "ह्यांना उजवं-डावं कळत नाही."

मग थांबल्या. खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाल्या, "म्हशीला एक फेरी मारून आणशील?"

नवरा ओरडलाच. कंबर, डॉक्टर, गाडीची उंची, सगळं म्हणाला. "तुम्ही गप बसा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हांस विचारलं नाही. गाडी आता तिची आहे." मला म्हणाल्या, "बोल, नेशील?"

मला नाही म्हणायचं होतं. काही झालं तर? आधीच एवढं करून बसलेली मी. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? कामाच्या बाईने पायांकडून धरलं, नवऱ्याने पाठीखाली हात घातले, मी मान सांभाळली. क्रेन लागली नाही. काही वजनच नव्हतं. सीटमध्ये ठेवलं तर त्या खड्ड्याच्या तळाशी गेल्या, दोन्ही बाजूंना हातभर रिकामं. मी खाटेवरच्या उशा आणायला धावले.

"उशा नकोत," त्या म्हणाल्या. "मला माझी जागा ठाऊक आहे. पट्टा तेवढा बांध."

पट्टा बांधला. मी चढले. नवरा ओट्यावर खांबाला धरून उभा होता, त्या दिवशीसारखाच. मी पहिला गिअर इतका हळू टाकला की गाडी गुरगुरलीच नाही, नुसती सरकली.

"पायी चाललीस काय?" शेजारून आवाज आला. तेव्हा मी जरा पाय दाबला.

गल्ली सोडून कोळ्ळिडम नदीच्या बाजूच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे केळी, मध्ये मध्ये नारळ. डोकं वर निघत नव्हतं त्यांचं, त्यांना रस्ता दिसतच नव्हता, फक्त आभाळ आणि झाडांचे शेंडे. तरी त्या सांगत होत्या, आता देऊळ येईल, आता कालवा येईल, आता वळण, आणि ते येत होतं. पांढरे केस तोंडावर उडत होते. त्या सावरत नव्हत्या. हात उचलत नव्हता की गरज वाटत नव्हती, मी विचारलं नाही.

"अगे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी म्हैस म्हणालीस, तुझा भाऊ हसला. मग तू काहीतरी हळू बोललीस आणि तो हसायचा थांबला. ते मला ऐकू नाही आलं. काय बोललीस?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. खोटं बोलता आलं असतं. आमच्या भाषेत एखादी फालतू शिवी कोणालाही सुचते.

"मी म्हटलं, म्हैस तर म्हैस. ह्याच्या शेजारी कोणी बसत तरी होतं. माझी ही सीट नवीच्या नवी राहणार."

इंजिनाचा आवाज आणि वारा, एवढंच होतं. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, आणि बरं झालं असंही वाटलं. एवढ्या वर्षांत हे मी भावाखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही ते म्हशीच्या आडून. गिअरवरच्या माझ्या हातावर काहीतरी हलकं पडलं. मी बघितलं तर त्यांची बोटं होती.

"तिरका घे," त्या म्हणाल्या. पुढे स्पीडब्रेकर होता.